खुडूक

हिंदमाताला पाणी भरलं, ही मुंबईत बातमी नसते. दादर आणि परळ यांच्या मधला हा सखल तुकडा. मुसळधार पाऊस आणि समुद्राची भरती यांची गाठ पडली की साड्यांच्या दुकानांच्या पायऱ्या दिसेनाशा होतात. माझ्या लहानपणी, गिरण्या चालू होत्या तेव्हा, अशाच एका जुलैच्या संध्याकाळी पाणी आमच्या चाळीच्या उंबऱ्याला लागलं. तळमजल्यावरच्या मालवणी आजींनी घरातून सगळ्यांत आधी काय उचललं असेल? ट्रंक नाही, गाद्या नाहीत, तांदळाचा डबाही नाही. जिन्याखालची टोपली उचलली. टोपलीत भाताचं तूस, तुसावर अकरा अंडी, आणि अंड्यांवर अंग पसरून बसलेली एक तांबूस-काळी कोंबडी.

पहिल्या मजल्याच्या जिन्यात जागा होईपर्यंत अर्धा तास गेला. कोंबडी आजींच्या काखेत, टोपली कुणाच्या तरी डोक्यावर, अंडी उघडी.

"आजी, अंडी थंड झाली. आता पिल्लं मरतील ना?"

"काय एक होवचा नाय. खुडूक बसली हा ती. तिका हात तेवढो लावू नको."

मी हात लावलाच. कोंबडीनं पिसं फुलवली, बघता बघता दुप्पट झाली, घशातून कुर्रर्र आवाज काढला आणि मनगटावर चोच हाणली. पण अंड्यांवरून उठली नाही. खाली माणसं गुडघाभर पाण्यातून सामान काढत होती, आणि ही मात्र जणू काही झालंच नाही अशी डोळे अर्धे मिटून बसली होती.

खुडूक हा शब्द आपण सहसा नाक मुरडून वापरतो. कोंबडी खुडूक झाली म्हणजे अंडी द्यायची थांबली, आता निदान महिनाभर तिचा उपयोग नाही. पण गावठी कोंबडी कशी पाळावी, तिचं वाण कसं टिकतं, याचा शोध घेत गेलो की प्रत्येक वाट या एका नावडत्या शब्दापाशी येऊन थांबते. देशी वाणाची सगळी पुंजी त्या बसण्यात आहे.

थांबून राहणारी अंडी

आधी एक साधं कोडं. कोंबडी दिवसाला फार तर एक अंडं घालते. अकरा अंडी घालायला तिला दोन आठवडे तरी लागतात. मग पहिल्या अंड्यातलं पिल्लू पहिल्यांदा आणि अकराव्यातलं दोन आठवड्यांनी का बाहेर पडत नाही? सगळी जवळजवळ एकाच दिवशी कशी फुटतात?

कारण अंडी थांबून राहतात. अंडं घातलं जातं तेव्हा त्याच्या बलकावर जिवाचा एक पांढुरका ठिपका असतो. त्यात हजारो पेशी तयार झालेल्या असतात. बाहेरच्या थंडाव्यात त्यांची वाढ थबकते. मेलेला नाही आणि वाढतही नाही, अशा अवस्थेत तो ठिपका आठवडाभर, कधी त्याहून जास्त, वाट पाहतो. खेड्यातल्या बायका बसवायची अंडी धान्यात किंवा माठाजवळच्या गारव्यात ठेवतात, त्यामागचं शास्त्र हेच. मे महिन्याच्या मुंबईत उघड्यावर ठेवलेलं अंडं धड थांबत नाही आणि धड वाढतही नाही. अर्धवट उबेनं आतला जीव बिघडतो.

अंडं रोज एकच का, यालाही हिशेब आहे. एक अंडं तयार व्हायला चोवीस तासांहून थोडा जास्त वेळ लागतो, त्यातले वीसेक तास नुसत्या कवचाचे. त्यामुळे आज सकाळी आठला घातलं तर उद्या नऊला, परवा दहाला. उशिरा धावणाऱ्या लोकलसारखी वेळ पुढे सरकत जाते आणि शेवटी एक खेप रद्द होते. कवचासाठी लागणारं कॅल्शियम सगळंच खाण्यातून वेळेवर मिळत नाही. ते ती स्वतःच्या हाडांतून उसनं घेते. अंड्यावर आलेल्या पक्षिणीच्या हाडांच्या पोकळीत त्यासाठी खास साठा तयार होतो.

मग एक दिवस टोपलीत पुरेशी अंडी साचतात. पोटाला त्यांचा स्पर्श होत राहतो, रक्तात प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक चढू लागतं. हे तेच, जे सस्तन आयांच्या अंगात दूध आणतं. कोंबडीला दूध नाही. तिच्यात ते बसण्याची ओढ आणतं. अंडी घालणं बंद होतं. छातीची पिसं विरळ होतात, त्वचेतल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि तो उघडा ऊबदार भाग थेट कवचाला भिडतो. दिवसातून एकदा, पंधरा-वीस मिनिटांसाठी, ती उठते: दाणे टिपते, पाणी पिते, दिवसभर रोखून धरलेली घाण एकदाच टाकते आणि धावत परत येते. आजींचं "काय एक होवचा नाय" यावरच उभं होतं. अंडी रोज थोडा वेळ गार होतातच. निसर्गानं तेवढी सवलत आधीच देऊन ठेवली आहे.

एकवीस दिवस

आजींनी प्रत्येक अंड्यावर कोळशानं एक रेघ ओढली होती. दुसऱ्या कोंबडीनं मधेच येऊन ताजं अंडं घातलं तर ते ओळखू यावं म्हणून. भिंतीवरच्या कालनिर्णयात एका तारखेला गोल होता. तिथून एकवीस दिवस.

तिसऱ्या दिवशी अंडं फोडून पाहिलं तर बलकावर एक लाल बिंदू धडधडताना दिसतो. ॲरिस्टॉटलनं तेवीसशेहून अधिक वर्षांपूर्वी तो पाहून लिहून ठेवला आहे: रक्ताचा एक थेंब, जो उड्या मारतो. ते हृदय. सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत अंडं बॅटरीसमोर धरलं की कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसतात. ज्यात त्या दिसत नाहीत ते अंडं वांझोटं. या सगळ्या काळात कोंबडी पोटाखालची ऊब साडेसदतीस अंशांच्या आसपास राखते आणि चोचीनं अंडी सतत फिरवत राहते; कडेची आत, आतली कडेला. फिरवली नाहीत तर कोवळा जीव आतल्या पापुद्र्याला चिकटून बसतो. अंडी उबवणाऱ्या यंत्रात ठरावीक वेळानं ट्रे कलतात, ती कोंबडीच्या चोचीची नक्कल आहे.

अठराव्या दिवसानंतर पिल्लू आपली जागा घेतं. डोकं उजव्या पंखाखाली, चोच अंड्याच्या रुंद टोकाकडच्या हवेच्या पोकळीकडे. मग ते पापुद्रा फोडतं आणि आयुष्यातला पहिला श्वास अंड्याच्या आतच घेतं. श्वास आला की आवाज येतो. बाहेर पडण्याच्या आदल्या दिवशी टोपलीला कान लावला तर बारीक चिवचिव ऐकू येते, आणि खुडूक कोंबडी हलक्या आवाजात तिला उत्तर देते. माय-लेकरांची ओळख तोंड बघायच्या आधी, कवचाआडून होते.

अगदी शेवटी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं. ती त्याची शिदोरी. त्यावर ते दोन दिवस काही न खाता तग धरू शकतं. ही सोय कशासाठी? जी भावंडं मागून फुटणार, त्यांच्यासाठी आईला आणखी एक-दोन दिवस बसावं लागतं. तोवर आधी आलेल्यांनी उपाशी राहूनही जगावं म्हणून. आज एक दिवसाची पिल्लं खोक्यांत भरून हजारो किलोमीटर विमानानं जातात आणि जिवंत पोचतात. जगाचा एवढा मोठा कुक्कुट उद्योग त्या शिदोरीवर चालतो. आईनं मागे राहिलेल्यांसाठी थांबावं म्हणून असलेली सोय, आई कधीच न पाहणाऱ्या पिल्लांच्या कामी आली.

पिवळ्या पायांचं गोत्र

आजींच्या त्या कोंबडीचे पाय पिवळे होते. हळदीत बुडवून काढल्यासारखे. तेव्हा त्यात नवल वाटलं नाही. ते वाटायला बरीच वर्षं जावी लागली.

चार्ल्स डार्विननं १८६८ साली असं मांडलं की जगातल्या सगळ्या पाळीव कोंबड्या एकाच पूर्वजाच्या: लाल रानकोंबड्याच्या. हिमालयाच्या पायथ्यापासून आग्नेय आशियापर्यंत पसरलेला हा पक्षी. पुढे जनुकशास्त्रानं त्याला बहुतांशी दुजोरा दिला. २०२० साली ८६३ पक्ष्यांचे जनुकसंच तपासून शास्त्रज्ञांनी दाखवलं की पाळीव कोंबडीचं सर्वांत जवळचं माहेर म्हणजे म्यानमार, उत्तर थायलंड आणि नैर्ऋत्य चीनमधली लाल रानकोंबड्याची एक उपजात. २०२२ साली पुरातत्त्ववाल्यांनी भर घातली: पाळीव कोंबडीची आजवरची सर्वांत जुनी खात्रीलायक हाडं मध्य थायलंडमधल्या बान नॉन वाट या गावी सापडलेली, इसवी सनापूर्वी १६५० ते १२५० या काळातली. आणि तिला माणसाजवळ आणलं ते भातानं. कापणीनंतर शेतात सांडलेले दाणे टिपायला रानपक्षी आले आणि राहिले. कोकणातल्या खळ्यावर कोंबड्या आजही तेच करतात.

पण लाल रानकोंबड्याचे पाय पिवळे नसतात. करडेसर असतात. मग हळद आली कुठून?

२००८ साली स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांच्या नेतृत्वाखाली या प्रश्नाचा माग काढला गेला आणि तो येऊन थांबला आपल्या सह्याद्रीत. पिवळ्या कातडीचं जनुक लाल रानकोंबड्याचं नव्हतंच. ते राखी रानकोंबड्याचं निघालं. हा पक्षी फक्त भारतात राहतो, मुख्यतः पश्चिम घाट आणि दक्षिणेकडच्या रानांत. महाबळेश्वरला, कोयनेच्या खोऱ्यात किंवा आंबोलीला पहाटे रानातून तुटक, घोगरी बांग ऐकू आली तर ती याची. मानेवरच्या पिसांवर मेणाचे थेंब गोठल्यासारखे चकाकते ठिपके. कधीतरी, रानाच्या कडेच्या कुठल्या तरी वस्तीवर, या दोन गोत्रांची गाठ पडली. आज अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या पिवळ्या पायांच्या कोंबडीतही या रानकोंबड्याचा वारसा आहे. डार्विनचं 'एकच पूर्वज' हे म्हणणं निदान पायांच्या रंगापुरतं तरी चुकलं.

हा रंग म्हणजे मका आणि हिरव्या पाल्यातली कॅरोटिनॉइड नावाची द्रव्यं. इतर कोंबड्यांच्या कातडीत एक विकर ती तोडून टाकतं. पिवळ्या पायांच्या कोंबडीत कातडीपुरतं ते काम बंद असतं, म्हणून रंग साठतो. यातून पारखीची एक जुनी युक्ती निघाली आहे. अंडी जोरात चालू असली की द्रव्य बलकाकडे वळतं आणि चोच व पाय फिके पडत जातात. बाजारात पिवळ्याधमक पायांची कोंबडी देखणी दिसते खरी, पण चाणाक्ष बाई अंड्यांसाठी फिक्या पायांची निवडते. आणि तीच कोंबडी खुडूक बसली की पायांची हळद हळूहळू परत चढते.

अर्धं स्टेशन, अर्धी कोंबडी

उधना-जळगाव रेल्वेमार्गावर नवापूर नावाचं स्टेशन आहे. फलाटाचा अर्धा भाग महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. तिथल्या एका बाकाच्या मधोमध राज्यांची सीमा जाते. याच पट्ट्यात, नंदुरबारच्या आदिवासी वस्त्यांत आणि पलीकडे सुरत-डांगच्या बाजूला, एक कोंबडी नांदते: बुसरा. देशातल्या पशुधनाच्या मूळ जातींची अधिकृत नोंद हरियाणातल्या कर्नालची राष्ट्रीय संस्था ठेवते. तिच्या वहीत कोंबडीच्या जेमतेम वीसेक जाती आहेत. बुसरा त्यातली, आणि तिच्या घराच्या पत्त्यात महाराष्ट्राचं नाव आहे.

बुसरा दिसायला बारकी. कोंबडा किलो-सव्वा किलोचा, कोंबडी किलोच्या आतबाहेर. बहुतेकींचा रंग पांढरा, त्यात मान, पाठ आणि शेपटीवर काळं, खांद्यावर तांबूस. पण दोन बुसरा सारख्या दिसतीलच असं नाही. वर्षाकाठी अंडी ४० ते ५५. उद्योगातल्या लेगहॉर्न वाणाची कोंबडी वर्षाला ३०० च्या वर अंडी घालते. ब्रॉयलर दीड महिन्याच्या आत दोन किलोंचा होतो. या आकड्यांशेजारी बुसरा ठेवली की ती आळशी वाटते.

तिचा हिशेब तिच्याच वहीत मांडून पाहू. पंधरा दिवस अंडी घालण्यात. एकवीस दिवस बसण्यात. दोन-अडीच महिने पिल्लांमागे. अशी एक फेरी साडेतीन महिन्यांची. वर्षात तीन-साडेतीन फेऱ्या. फेरीला बारा-तेरा अंडी धरली तर झाली चाळीस-पंचेचाळीस. एक दिवसही रिकामा नाही. लेगहॉर्ननं उरलेली अडीचशे अंडी कुठून आणली, तर बसणं आणि वाढवणं सोडून. पिढ्यानपिढ्या खुडूक बसणाऱ्या कोंबड्या बाजूला काढत माणसानं तिच्यातून ती ओढच काढून टाकली. आता तिचं वाण पुढे न्यायला यंत्र लागतं, वीज लागते, हॅचरी लागते. बुसराला एक टोपली पुरते.

यात कुणाला कमी लेखायचं कारण नाही. शहराला स्वस्त अंडं मिळालं ते लेगहॉर्नमुळे. आणि ब्रॉयलर तरी परका कुठे? त्याच्या घराण्यातली कॉर्निश ही इंग्रजी जात पूर्वी 'इंडियन गेम' या नावानं ओळखली जायची, कारण तिच्यात आपल्या झुंजार असीलचं रक्त आहे. तंदूरवर फिरणाऱ्या कोंबडीच्या रुंद छातीमागे भारतातला झुंजीचा आखाडा उभा आहे.

बुसराच्या शेजारच्या मुलखात, मध्य प्रदेशातल्या झाबुआत, कडकनाथ. स्थानिक नाव काली मासी, कारण पीस, कातडी, मांस, हाडांवरचा पापुद्रा, सगळं काळं. एका जनुकासह त्याच्या आसपासच्या तुकड्याची चुकून झालेली दुबार प्रत रंगाच्या पेशींना अंगभर पसरायला लावते. तीच दुबार प्रत चीनच्या सिल्की आणि इंडोनेशियाच्या आयाम सेमानी या जातींतही आहे. २०१८ साली झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळालं आणि गाजावाजा झाला. बुसराच्या वाट्याला असा गाजावाजा आला नाही. ती फक्त बसत राहिली.

तांबडं झाकलं तरी

आजींकडे एक कोंबडाही होता, आणि त्यावरून चाळीत कायम कुरबूर. गिरणीचा पहाटेचा भोंगा व्हायच्या आधी हा आरवायचा. कुणीतरी सुचवलं, रात्री त्याच्यावर डालगं उपडं घालून वर गोधडी टाका. टाकली. काही फरक पडला नाही.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, ही म्हण आपल्याला पाठ आहे. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली नेमका उलटा प्रयोग केला: त्यांनी तांबडंच झाकलं. कोंबडे अखंड मंद उजेडात ठेवले, सकाळ कळायला मार्ग नाही. तरीही ते पहाटेच्या अंदाजानं, उजाडण्याच्या वेळेआधीच आरवत राहिले. बांग उजेडाला दिलेलं उत्तर नाही. कोंबड्याच्या अंगात घड्याळ आहे. दोन वर्षांनी त्याच गटानं आणखी एक गोष्ट पाहिली. पहिली बांग नेहमी कळपातल्या थोरल्याची, मग मानाप्रमाणे एकेकाची. थोरल्याला उशीर झाला तर बाकीचे थांबतात.

हा मानाचा क्रम आधी कोंबड्यांतच सापडला. नॉर्वेतल्या थॉर्लाइफ शेल्डरुप-एब्बेनं लहानपणापासून अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत, कोण कोणाला चोच मारतं याच्या नोंदी ठेवल्या आणि १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यावर शास्त्रीय लेखन केलं. कुठल्याही प्राण्यांच्या गटातल्या उतरंडीला आज जगभर जे 'पेकिंग ऑर्डर' हे नाव आहे, ते या चोच मारण्यावरून पडलं. चाळीच्या नळावरची रांग पाहिलेल्याला हे वेगळं समजवावं लागत नाही.

स्वतःच्या बांगेनं कोंबडा बहिरा कसा होत नाही? बेल्जियमच्या शास्त्रज्ञांनी कोंबड्याच्या कानाशी मायक्रोफोन बसवून पाहिलं. कानाजवळ आवाज विमानाच्या इंजिनाच्या बरोबरीचा. पण चोच पुरती उघडली की कानाची नळी आपोआप मिटते. आरवताना कोंबडा कान झाकून घेतो. शेजारी मात्र उघड्या कानांनी ऐकतात.

त्याचा आवाज नुसता मिरवायला नसतो. मुंबईच्या आभाळात घारी कायम. वरून घार आली की कोंबडा बारीक, लांबलचक शीळ घातल्यासारखा आवाज काढतो, जो नेमका कुठून येतो ते शिकाऱ्याला कळू नये. पिल्लं आहेत तिथे दबतात. जमिनीवरून बोका आला तर आवाज वेगळा: कट्-कट्-कटाक, मोठ्यानं, पुन्हा पुन्हा. तो ऐकला की कोंबड्या दबत नाहीत, माना ताठ करून बघतात. धोका वरून की खालून, हे सांगणारे दोन वेगळे शब्दच म्हणायचे. ज्या पिल्लाला आई मिळते, ते हे सगळं तिच्या पंखाखालून शिकतं.

मानमोडी

देशी कोंबडी काटक, ती आजारी पडत नाही, असं म्हणण्याची पद्धत आहे. ते खरं नाही. खेड्यात एका आठवड्यात अख्खं गाव कोंबड्यांनी रिकामं करणारा रोग आहे, त्याला आपल्याकडे मानमोडी म्हणतात. मान पिळवटते, पक्षी गोल फिरतो आणि जातो. पुस्तकी नाव राणीखेत, कारण १९२० च्या दशकात कुमाऊँतल्या राणीखेतला त्याची साथ आढळली. यावर लस आहे आणि ती महाग नाही. पिल्लू आठवड्याचं व्हायच्या सुमारास डोळ्यात लासोटा लशीचा एक थेंब, पुढे वेळापत्रकाप्रमाणे पुढचे डोस आणि देवीची लस. पुण्यात औंधला राज्य सरकारची संस्था जनावरांच्या आणि पक्ष्यांच्या लशी बनवते. अडचण एवढीच की कुपीत शेकडो पक्ष्यांची लस असते आणि आजींकडे सात कोंबड्या. म्हणून खेड्यात जिथे हे जमतं, तिथे आठ-दहा घरं एकाच दिवशी सगळ्या पिल्लांना लस देतात.

लस या गोष्टीचाच कोंबडीशी जुना संबंध आहे. १८७९-८० मध्ये लुई पाश्चरनं कोंबड्यांच्या कॉलऱ्याचे जंतू प्रयोगशाळेत कमजोर करून पहिल्यांदा अशी लस बनवली. त्याच्याच संस्थेत काम केलेला हाफकिन पुढे मुंबईत आला आणि प्लेगची लस घेऊन परळमध्ये स्थिरावला. हिंदमाताहून हाफकिन संस्था चालत जाण्याच्या अंतरावर आहे. १८८६ साली सुरू झालेलं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयही इथलंच.

आणि नवापूर? १८ फेब्रुवारी २००६ ला भारतात पहिल्यांदा बर्ड फ्लू निश्चित झाला, तो नवापुरात. मोठ्या पोल्ट्री फार्मांतून सुरुवात झाली. लाखो पक्षी मारून पुरले गेले. रोगाभोवती आखलेल्या वर्तुळात परसातली कोंबडीही वाचत नाही; नियम तसाच असतो आणि साथ थांबवायला तो लागतो. २०२१ साली नवापुरावर पुन्हा तीच पाळी आली. हॅचरीतला पक्षी गेला तर दुसरीकडून पिल्लं मागवता येतात. एखाद्या पट्ट्यातलं मूळ वाणच गेलं, तर ते कुठून मागवायचं?

पाळायची असेल तर

हिंदमाताच्या टॉवरच्या बाल्कनीत कोंबड्या पाळा, असं मी सांगणार नाही. पालिकेचे नियम, सोसायटी, शेजारी आणि कोंबडीला लागणारी माती, सगळंच आडवं येतं. पण परळ-लालबागच्या बहुतेक घरांचं एक गाव अजून शिल्लक असतं. कुणाचं कणकवलीकडे, कुणाचं पाटणकडे, आणि तिथे काका किंवा वहिनी असते. त्यांच्यासाठी चार गोष्टी.

बाजारात 'गावठी' म्हणून मिळणारा प्रत्येक रंगीत पक्षी मूळ वाणाचा नसतो. गिरिराज, वनराजा यांसारखे पक्षी परसासाठी मुद्दाम तयार केलेले सुधारित वाण आहेत. अंडी आणि वजन हवं असेल तर ते चांगलेच; पण वाण राखायचं असेल तर खूण एकच, ती खुडूक बसते का आणि पिल्लं वाढवते का. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरे. तो आपल्याच पिल्लांतला ठेवू नये; दर वर्षा-दोन वर्षांनी लांबच्या वाडीतल्या कोंबड्याशी अदलाबदल करावी, नाहीतर नात्यात नातं मिसळून अंडी वांझोटी निघू लागतात. रात्री खुराडं जमिनीपासून उंच आणि मुंगसाला शिरता येणार नाही असं बंद. पहिले पंधरा दिवस पिल्लांना किडे, वाळवी, कण्या. लस चुकवू नये. आणि सर्वांत चांगली बसणारी, सर्वांत जास्त पिल्लं जगवणारी कोंबडी पाहुण्यांच्या ताटात जाऊ देऊ नये. वड्यांचा बेत असला तरी.

२०१९ च्या पशुगणनेत देशात ८५ कोटींहून अधिक कुक्कुटपक्षी मोजले गेले, त्यातले सुमारे ३१ कोटी ७० लाख परसातले. परसातल्यांची संख्या आधीच्या गणनेपेक्षा जवळजवळ निम्म्यानं वाढली होती. म्हणजे कोंबड्या कमी झालेल्या नाहीत. प्रश्न त्यातल्या किती बसतात, हा आहे.

खेड्यांत कोंबडी वाट्यानं देण्याची चाल आहे. तुम्ही तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, द्यायची, दुसऱ्यानं सांभाळायची, पिल्लं निम्मी-निम्मी. एका घरात साथ आली, बोका शिरला, पूर आला, तरी वाण दुसऱ्या घरात सुरक्षित. कुणी या व्यवहाराला जतन असं नाव दिलं नाही, पण तो आहे तेच.

जिन्यातल्या त्या टोपलीत एकविसाव्या दिवशी नऊ पिल्लं होती. उरलेली दोन अंडी आजींनी कोमट पाण्याच्या पातेल्यात सोडली. एक नुसतं तरंगत राहिलं. दुसरं आपोआप डुललं, जरा थांबलं, पुन्हा डुललं. आजींनी ते पुसून कोंबडीखाली सरकवलं. दुसऱ्या दिवशी दहा झाली. त्यांतली चार मोठी झाली. बाकीची बोक्यानं, घारीनं आणि मुंबईच्या पावसानं नेली. एक तलंग आजींनी मागच्या चाळीतल्या सातारच्या काकूंना वाट्यानं दिली.

पुढच्या वर्षी एका दुपारी काकू त्यांच्या गॅलरीच्या कठड्यावर वाकून ओरडल्या. आजी तांदूळ निवडत होत्या. दोन चाळींच्या मधल्या बोळावरून आवाज आला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"आजी! तुमची खुडूक बसली हो!"

आजींनी सूप खाली ठेवलं, उठल्या आणि कालनिर्णयापाशी जाऊन दिवस मोजू लागल्या.